धर्मसेवकाची पात्रता : अटी आणि आडकाठ्या

आषाढी जवळ आली की बीडहून दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिंड्या दिसू लागतात. चौसाळा हे त्याच रस्त्यावरचे गाव. येथून पंढरपूरच्या वाटेला लागलेल्या वारकऱ्याला त्याचे कूळ किंवा शिक्षण सहसा कोणी विचारीत नाही. चालण्याची तयारी, एवढीच त्याची पात्रता. परंतु ही वाट जेथे संपते त्या गाभाऱ्यात मूर्तीची पूजा कोणी करावी, असा प्रश्न निघाला की कूळ, गोत्र, परंपरा, शास्त्र, कायदा आणि न्यायालय अशी सारी मंडळी एकदम जागी होतात. देवाकडे जाणाऱ्याला जी अट नाही ती देवापाशी उभे राहणाऱ्याला असावी काय, आणि असावीच तर ती कोणत्या प्रकारची असावी, हा वाद केवळ पंढरपूरचा नाही. बहुतेक सर्व संघटित धर्मांत तो या ना त्या रूपाने झालेला आहे. ख्रिस्ती धर्मात तो फार लवकर झाला, आणि त्याच्या लेखी नोंदीही विपुल राहिल्या. त्या नोंदी आज चाळण्याचे कारण असे की, त्यांतील अनुभव महाराष्ट्राच्या एका चालू प्रश्नावर चांगलाच प्रकाश टाकतो.

२०२५ मध्ये निकियाच्या धर्मपरिषदेला सतराशे वर्षे पूर्ण झाली. आजच्या तुर्कस्तानातील इझनिक या गावी इ. स. ३२५ मध्ये भरलेली ही परिषद ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीच्या वादासाठी प्रसिद्ध आहे. तथापि त्याच परिषदेने वीस नियमही केले, आणि त्यांपैकी बरेचसे धर्मगुरू कोणी व्हावे व कोणी होऊ नये यासंबंधीचे आहेत. तत्त्वज्ञानाचा वाद विद्वानांपुरता राहतो. नेमणुकीचे नियम मात्र प्रत्येक गावाला लागू होतात. म्हणून संस्थेचा खरा स्वभाव समजून घ्यावयाचा असेल तर तिच्या सिद्धांतांइकेच तिच्या नेमणुकीच्या नियमांकडेही पाहावे लागते.

निकियाचे नियम

या नियमांच्या आधीही काही दंडक होतेच. नव्या करारातील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या देखरेख्याविषयी जी अपेक्षा सांगितली आहे ती एखाद्या सद्गृहस्थाच्या वर्णनासारखी आहे. तो एकाच पत्नीचा पती असावा, मद्यपी किंवा धनलोभी नसावा, स्वतःचे घर नीट चालविणारा असावा, बाहेरच्या लोकांतही त्याचे नाव चांगले असावे, आणि तो नुकताच धर्मात आलेला नसावा, असा त्याचा आशय आहे. यांत जन्माचा, वंशाचा अथवा संपत्तीचा उल्लेख नाही. तिसऱ्या शतकाच्या आरंभी रोमचा बिशप झालेला कॅलिस्टस हा पूर्वी गुलाम होता, असे त्याच्या विरोधकानेच लिहून ठेवले आहे. विरोधकाने ती गोष्ट हिणविण्यासाठी लिहिली हे खरे. परंतु गुलामगिरीतून आलेला माणूस त्या पदावर बसू शकला, हेही तितकेच खरे.

निकियाचा पहिलाच नियम विचार करण्यासारखा आहे. ज्याने धडधाकट असताना स्वतःच्या हाताने स्वतःचे पुरुषत्व नष्ट केले त्याला धर्मगुरू होता येणार नाही, असे तो सांगतो. परंतु ज्याच्यावर मालकाने किंवा परक्या आक्रमकाने तो प्रसंग आणला, अथवा आजारात वैद्याला तसे करावे लागले, त्याला मात्र अडविता येणार नाही, अशीही स्पष्ट तरतूद त्यातच आहे. म्हणजे शरीराची स्थिती एकच. तरी एक अपात्र आणि दुसरा पात्र. भेद आहे तो माणसाने स्वतः काय केले आणि त्याच्यावर काय लादले गेले, यातला. चौथ्या शतकाच्या अखेरीस सिरियाकडे संकलित झालेल्या प्रेषितांच्या नावाच्या नियमावलीत हेच सूत्र आणखी पुढे नेलेले दिसते. एक डोळा नसलेला किंवा पायाने अधू असलेला मनुष्य लायक असेल तर त्याला बिशप होण्यास प्रत्यवाय नाही, कारण शरीरातील व्यंगाने नव्हे तर मनाच्या मळाने माणूस भ्रष्ट होतो, असा त्याचा अर्थ आहे. पूर्ण अंध किंवा बहिऱ्या माणसाला तीच नियमावली नकार देते; परंतु कारण अपवित्रतेचे देत नाही, कामात येणाऱ्या अडचणीचे देते. ते कारण आज पटो वा न पटो, त्याचा प्रकार ध्यानात घेण्याजोगा आहे.

निकियाचा दुसरा नियम घाईविरुद्ध आहे. काही ठिकाणी नुकतेच धर्मात आलेले लोक बाप्तिस्म्याबरोबरच पदावर चढविले जात. तसे यापुढे करू नये. शिकण्यास वेळ द्यावा आणि बाप्तिस्म्यानंतरही काही काळ पारख करावी, असे परिषदेने ठरविले. नववा नियम सांगतो की, चौकशी न करता नेमलेला माणूस दोषी आढळल्यास त्याची नेमणूक मान्य नाही. सतरावा नियम व्याजाचा धंदा करणाऱ्या धर्मसेवकाला काढून टाकण्यास सांगतो. हे नियम कडक होते आणि ते नेहमी पाळले गेले असेही नाही. निकियानंतर अवघ्या ४९ वर्षांनी, ३७४ मध्ये, मिलान शहरातील लोकांनी अँब्रोज या प्रांताधिकाऱ्याच्या नावाचा आग्रह धरला. त्याचा तोपर्यंत बाप्तिस्माही झालेला नव्हता. बाप्तिस्मा आणि बिशपपद ही दोन्ही त्याला आठवड्याभराच्या अवधीत मिळाली, आणि पुढे त्याची गणना त्या धर्माच्या थोर आचार्यांत झाली. नियम वाकला; पण तो माणसाच्या योग्यतेपुढे वाकला, एवढे समाधान त्यात मानता येते.

या साऱ्या अटींचे एक समान लक्षण आहे. त्या पुऱ्या करणे माणसाच्या हाती आहे. शिक्षण घेता येते, सदाचरण ठेवता येते, व्याज सोडता येते, आणि नवखेपणाची मुदत संपू शकते. अशा अटीला अट म्हणावे. जी कधीही पुरी करता येत नाही तिला अट म्हणणे हा भाषेचा गैरवापर होय. ती आडकाठी असते.

पदाला उत्पन्न जडते तेव्हा

अट आणि आडकाठी यांच्यातील सीमारेषा कोठे पुसू लागते? इतिहासाचे उत्तर असे की, पदाला उत्पन्न आणि सवलत चिकटली की ती पुसू लागते.

सम्राट कॉन्स्टंटाइनने ३१३ च्या सुमारास ख्रिस्ती धर्मसेवकांना सक्तीच्या नागरी कामांतून सूट दिली. त्या काळच्या रोमन शहरांत नगरसभेचे सभासदत्व हा मान असला तरी मोठा बोजाही होता. शहराच्या करात तूट आली तर ती सभासदांच्या खासगी मालमत्तेतून भरून काढली जाई. अशा स्थितीत एका पदाला सूट मिळाली म्हणताच खाऊनपिऊन सुखी असलेल्या गृहस्थांना धर्मसेवेची ओढ वाटू लागली, यात नवल नाही. सरकारच्या तिजोरीला त्याची झळ लागताच ३२० च्या दशकात उलटे हुकूम निघाले. नगरसभेच्या दर्जाच्या लोकांनी धर्मसेवक होऊ नये, जागा रिकामी झाल्यावरच नवी नेमणूक व्हावी, आणि ती कमी ऐपतीच्या लोकांतून व्हावी, असे त्यांचे स्वरूप होते. या हुकुमांत श्रद्धेचा प्रश्नच नव्हता. प्रश्न महसुलाचा होता. तरीही त्यांनी धर्मगुरू कोणी व्हावे हे ठरविले.

हीच गोष्ट गुलामांची. कॅलिस्टसनंतर सव्वादोनशे वर्षांनी, ४४३ मध्ये, रोमचा बिशप पहिला लिओ याने गुलामांना दीक्षा देण्यास मनाई केली. मालकाच्या हक्काला बाध येतो हे एक कारण त्याने दिले. आणि हीन स्थितीतील माणसामुळे पदाची प्रतिष्ठा जाते हे दुसरे. पहिले कारण मालमत्तेचे आहे, दुसरे प्रतिष्ठेचे आहे; दोन्ही ठिकाणी उमेदवाराच्या गुणांची चौकशी नाही. ज्या समाजाचा एक बिशप स्वतः गुलामगिरीतून आला होता, त्या समाजाने सत्ता व संपत्ती हाती आल्यावर ते दार लावून घेतले. स्त्रियांच्या बाबतीत असेच घडले. पौलाच्या रोमकरांस पत्रात फीबी या सेविकेचा आदराने उल्लेख आहे. ४५१ च्या खाल्किदोन परिषदेने सेविकेची दीक्षा चाळीस वर्षांच्या आत देऊ नये असा नियम केला, म्हणजे चाळिशीनंतर ती देता येत होती. परंतु त्याच्या दहा वर्षे आधीच, ४४१ मध्ये, पश्चिमेकडील ऑरेंजच्या परिषदेने सेविकांना दीक्षा देणेच बंद करण्यास सांगितले होते. पूर्वेकडे जी वयाची अट होती ती पश्चिमेकडे कायमची आडकाठी झाली. तो प्रश्न आजही मिटलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलेल्या व्हॅटिकनच्या महासभेनेही स्त्रियांच्या सेविकापदाचा विषय खुलाच ठेवला.

पश्चिमेकडील ख्रिस्तसभेने एक मोठा धोका मात्र ओळखला होता. धर्मगुरूला मुले झाली की देवळाची जमीन हळूहळू घरची होते, हा तो धोका. १०२२ मध्ये पावियाच्या सभेने धर्मगुरूंच्या मुलांना चर्चचे दास ठरविण्यापर्यंत मजल मारली. ११३९ च्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंचे विवाहच रद्दबातल ठरविले. ब्रह्मचर्यामागे आध्यात्मिक विचार होता हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याचा आर्थिक परिणाम असा झाला की त्या पदाचे वतन होऊ शकले नाही. बापामागून मुलगा ही वाट तेथे बंद झाली. आपल्याकडे नेमके उलट घडले, हे पुढे दिसेल.

गोव्यातील तीन शतके

हे नियम पोर्तुगीजांबरोबर कोकण किनाऱ्यावर आले तेव्हा त्यांचे काय झाले, हा या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग आहे. गोव्यात १५३४ मध्ये बिशपची गादी स्थापन झाली. हजारो लोक ख्रिस्ती झाले. या लोकांतून धर्मगुरू घ्यावयाचे काय, हा प्रश्न लगेच उभा राहिला. नवख्याला घाईने दीक्षा देऊ नये, हा निकियाचा शहाणपणाचा नियम तेव्हा कामास आला. परंतु उलट्या अर्थाने. निकियाने सांगितलेला नवखेपणा काही काळाने संपणारा होता. गोव्यात तो रक्तात भिनलेला समजला गेला. बापाचा बाप ख्रिस्ती झालेला असला तरी नातू नवखाच राहिला. युरोपातून आलेल्या बहुतेक संन्यासी संघांनी एतद्देशीयांना आपल्यात घेतले नाही. जेझुइटांनी पेरो लुईस या केरळातील ब्राह्मण ख्रिस्ती तरुणाला घेऊन १५७५ मध्ये दीक्षा दिली. पण त्याच्यामागून दार पुन्हा लागले.

संघाबाहेरील सामान्य धर्मगुरू म्हणून मात्र काही गोमंतकीयांना घ्यावेच लागले, कारण लोकांची भाषा जाणणारे माणूस हवे होते. तेथेही १६०६ च्या गोव्याच्या धर्मसभेने दीक्षा ब्राह्मण, प्रभू किंवा कुलीन समजल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांपुरती ठेवावी असे ठरविले. ज्या धर्माने जात मानीत नसल्याचे सांगितले त्याच्याच नियमात जातीचे नाव आले. लोक उच्च जातीच्याच धर्मगुरूला मान देतील, हे त्याचे समर्थन. लोकांच्या पूर्वग्रहाला नियमाचा आधार दिला की नियम पूर्वग्रहाला चिरंजीव करतो, हे भान त्यात नव्हते.

दिवाडी बेटावर सोळाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेला मातेउस द कास्त्रु हा ब्राह्मण ख्रिस्ती कुळातला. जातीची अट तो पुरी करीत होता. तरीही तत्कालीन आर्चबिशपांनी त्याला दीक्षा नाकारली. तेव्हा त्याने खुष्कीच्या मार्गाने रोम गाठले. १६२२ मध्ये रोमने धर्मप्रसारासाठी जे नवे खाते उघडले होते त्याला पोर्तुगीज राजाच्या मक्तेदारीला शह द्यावयाचाच होता. रोममध्ये कास्त्रुला शिक्षण मिळाले, दीक्षा मिळाली, आणि १६३७ मध्ये तो बिशप झाला. जे गोव्यात अशक्य होते ते रोममध्ये शक्य झाले. नियमग्रंथ दोन्हीकडे एकच. अंमल करणाऱ्यांचे हितसंबंध वेगळे. पोर्तुगीज हद्दीत त्याचा अधिकार मानला गेला नाही, म्हणून त्याने त्या वेळी आदिलशाहीत असलेल्या डिचोलीत बस्तान बसविले. १६५३ मध्ये त्याने गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्ती लोकांना उद्देशून एक जळजळीत पत्रक लिहिले. त्यातला अन्यायाचा संताप खरा होता. पण ते एका जातीलाच उद्देशून होते, हेही विसरता येत नाही. ज्याला अडविले गेले त्याने स्वतःपुरते दार उघडण्याची मागणी केली.

पुढेही हाच क्रम दिसतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोमंतकीय धर्मगुरूंनी स्वतःचा संघ काढला. त्याच संघातून सिलोनमध्ये कार्य केलेले आणि २०१५ मध्ये संतपदास पोहोचलेले जुझे वाझ पुढे आले. परंतु त्या संघाचे दार ब्राह्मण कुळांपुरतेच राहिले, म्हणून चार्दो कुळांतील धर्मगुरूंना चिंबल येथे आपली वेगळी सोय पाहावी लागली. १७६१ मध्ये पोर्तुगालने पूर्वेकडील ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचा दर्जा देणारा हुकूम काढला. तो गोव्यात प्रत्यक्षात येण्यास १७७४ उजाडले. समतेचा कागद आणि समतेची नेमणूक यांत किती अंतर असते, याचा अनुभव लगेच आला. बिशपपदांसाठी डावलले गेलेले दोन गोमंतकीय धर्मगुरू, कायतान फ्रांसिश्कु कौतु आणि जुझे अंतोनियु गोंसाल्विश, १७८७ च्या पिंटोंच्या उठावाच्या मुळाशी होते. त्या कटात ४७ जण पकडले गेले आणि त्यांत १७ धर्मगुरू होते. पुढे पंधरा जणांना देहान्त शासन झाले. पात्र माणसाला वर्षानुवर्षे उंबऱ्याबाहेर ठेवले की तो उंबराच उखडावयास निघतो.

गोव्याच्या गादीवर पहिला गोमंतकीय आर्चबिशप, राऊल गोंसाल्विश, १९७८ मध्ये आला. गादी स्थापन झाल्यापासून ४४४ वर्षे आणि गोवामुक्तीनंतर सतरा वर्षे झाली होती. नवखेपणाची मुदत इतकी लांबली! आणि दलित समाजातील पहिला कार्डिनल होण्यास २०२२ साल उजाडावे लागले. अँथनी पूला हे ते कार्डिनल हैदराबादचे आर्चबिशप आहेत. चौसाळा ज्या निजामी राज्यात होते त्याचीच ही राजधानी.

मराठवाड्याच्या शेजारी नगरला मात्र हा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. अमेरिकन मराठी मिशनचे काम तेथे १८३१ मध्ये सुरू झाले आणि १८५४ मध्ये हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक या दोघा मराठी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तेवीस वर्षांचे हे अंतर गोव्याच्या मानाने अल्प आहे. त्याचे कारण केवळ औदार्य नव्हे. स्थानिक मंडळीने आपला पाळक आपल्यातून निवडावा आणि त्याचा पगारही आपणच द्यावा, असा विचार त्या मिशनच्या अमेरिकेतील धुरीणांत बळावत होता. परदेशातून माणूस आणून पोसणे महाग होते. जेथे हितसंबंध दार उघडण्याच्या बाजूला असतो तेथे ते उघडते, हा धडा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावा असा आहे.

पंढरपूरचा निकाल

आता पुन्हा पंढरपूरकडे येऊ. येथे जो प्रश्न आहे त्याचे दोन भाग आहेत : दर्शनाचा आणि पूजेचा. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. आत जाण्याचा हक्क त्यांना नव्हता. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले आणि मंदिर सर्वांसाठी खुले झाले. दर्शनाचा भाग असा सुटला. पूजेचा भाग राहिला. बडवे, उत्पात आणि सेवाधारी यांचे हक्क वंशपरंपरागत होते. सेवेच्या पाळ्या आणि उत्पन्नाचे वाटे घराण्यांत चालत. युरोपात ब्रह्मचर्याने जे होऊ दिले नाही ते येथे पूर्णपणे झाले होते. पूजा ही सेवा न राहता वतन झाली होती. त्याविषयीच्या तक्रारींवर नाडकर्णी आयोग नेमला गेला, आणि त्यानंतर १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरांचा कायदा होऊन हे हक्क रद्द झाले. कायदा झाला तरी तो अमलात येण्यास १९८५ साल उजाडले, आणि न्यायालयीन लढा जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संपला. मे २०१४ मध्ये मंदिर समितीने सर्व जातींच्या पुरुषांकडून आणि स्त्रियांकडूनही पूजेच्या कामासाठी अर्ज मागविले. दर्शन आणि पूजा यांच्यामध्ये सदुसष्ट वर्षे गेली.

त्यानंतर २०१८ मध्ये विधिमंडळाने कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरासाठी वंशपरंपरागत श्रीपूजकांऐवजी पगारी पुजारी नेमण्याचा कायदा केला. तमिळनाडूत ऑगस्ट २०२१ मध्ये निरनिराळ्या जातींतील प्रशिक्षित अर्चकांच्या नेमणुका झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये केरळातील एका खटल्यात स्पष्टच सांगितले होते की, पूजाविधीचे योग्य शिक्षण घेतलेल्या माणसाला तो ब्राह्मण नाही एवढ्याच कारणाने नाकारता येणार नाही. या निकालाचे मर्म निकियाच्या पहिल्या नियमासारखेच आहे : शिक्षण ही अट होऊ शकते, जन्म होऊ शकत नाही.

या बदलाला होणारा विरोध सगळाच स्वार्थाचा आहे असे समजणे अन्यायाचे होईल. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला विधी, त्यातील पाठांतर, वेळांचे काटेकोर पालन ही एक विद्या आहे. ती घरात जपली गेली, हे सत्य आहे. पगारी पुजारी हा पूजेकडे कचेरीतील हजेरीसारखा पाहील, ही भीतीही निराधार नाही. शासनाच्या समितीत राजकारण शिरते, हे तर डोळ्यांपुढे दिसते. परंतु या आक्षेपांतून जन्माचा हक्क सिद्ध होत नाही; सिद्ध होते ती शिक्षणाची, परीक्षेची आणि देखरेखीची गरज. जुन्या घराण्यातील ज्याला विद्या येते त्याने ती परीक्षा देऊन यावे. त्याला कोणी अडविलेले नाही. ज्यांची उपजीविका या बदलात गेली त्यांची सोय पाहणे हे समाजाचे कर्तव्य आहे. पण ती सोय म्हणजे गाभाऱ्याची सनद नव्हे.

गुरवाची साक्ष

परंपरेचा मुद्दा किती सोयीस्कर असतो हे पाहण्यासाठी मराठवाड्यातील कोणत्याही खेड्यात जावे. येथील कितीतरी महादेवाच्या आणि मारुतीच्या देवळांत पिढ्यान्‌पिढ्या गुरव पूजा करीत आला आहे. वीरशैवांत ते काम जंगमाचे आहे. त्यांच्या पूजेने देव बाटल्याची तक्रार कोणी केली नाही. कारण उघड आहे. तेथे दानपेटीत पडते ते नगण्य, आणि निजामाच्या काळापासून चालत आलेली सेवेची इनाम जमीन असलीच तर ती थोडी. जेथे उत्पन्न नाही तेथे शास्त्र आग्रही होत नाही. पात्रतेचा वाद ज्या तीव्रतेने होतो तिचे माप बहुधा दानपेटीच्या वजनात सापडते. उलट, रस्त्याकडेच्या त्याच इनाम जमिनीला भाव आला की वारस, कूळ आणि सनदा यांचे दावे तहसील कचेरीत रांग लावतात, हेही मराठवाड्याने पाहिलेले आहे. जो गुरव दिवाबत्तीचे तेल पदरचे घालून देऊळ उघडे ठेवतो त्याची आठवण मात्र ना कायद्याला होते, ना चळवळीला. मोठ्या मंदिरातील हक्कदाराला आणि खेड्यातील गुरवाला एकाच मापाने मोजणे हा अन्याय होईल.

सतराशे वर्षांच्या या इतिहासातून तीन कसोट्या निघतात, आणि त्या देवळापुरत्या मर्यादित नाहीत. शाळेतील नेमणूक असो, सहकारी संस्थेतील पद असो किंवा कचेरीतील बढती असो, कोणत्याही पात्रतेच्या नियमाला त्या लावून पाहाव्यात. पहिली कसोटी : ही अट माणसाला स्वतःच्या प्रयत्नाने पुरी करता येते काय? दुसरी : तिला मुदत आहे काय, की नातवापर्यंत ती संपतच नाही? तिसरी : ती घालणाऱ्याचा तीत काही लाभ दडला आहे काय? निकियाचा नवख्याविषयीचा नियम या तिन्ही कसोट्यांना उतरतो. गोव्याने त्याच नियमाचा जो अर्थ लावला तो एकाही कसोटीला उतरत नाही. शब्द तेच होते. बदलले होते ते दान, मान आणि हक्क कोणाच्या घरी जाणार याचे गणित.

पंढरपूरला २०१४ मध्ये दार उघडले. आता खरा प्रश्न त्यापुढचा आहे. पूजाविधीचे रीतसर शिक्षण कोठे मिळते, परीक्षा कोण घेतो, निवडीचे निकष जाहीर होतात काय, स्त्रियांच्या अर्जांचा विचार किती गांभीर्याने होतो, या प्रश्नांची उत्तरे मंदिर समित्यांनी लोकांना दिली पाहिजेत. गोव्यातील १७६१ च्या हुकुमाला तेरा वर्षे कागदावर पडून राहावे लागले; पंढरपूरच्या १९७३ च्या कायद्याला अंमलासाठी बारा. हुकूम काढणे सोपे असते. उंबऱ्याशी उभ्या असलेल्या पात्र माणसाला आत घेऊन त्याच्या हाती पूजेचे तबक देणे, हे कठीण असते. ते जोवर नित्याचे होत नाही, तोवर चौसाळ्याच्या रस्त्याने जाणाऱ्या दिंडीतील समता पंढरपूरच्या वेशीपर्यंतच पोहोचली असे म्हणावे लागेल. गाभाऱ्यापर्यंतची उरलेली वाट तिला अजून चालावयाची आहे.